टॅक्टाइल स्विच निवडताना: आधी बोट, मग कान

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कीखाली एक स्विच असतो; दाबताना मध्येच बोटाला छोटा अडथळा, म्हणजे बंप, जाणवतो तो टॅक्टाइल स्विच. तो घेताना होणारी चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. एखादा आवाजाचा व्हिडिओ आवडतो, त्यातल्याच स्विचचे ९० नग मागवले जातात. बसवल्यावर तो आवाज येत नाही, आणि आठवड्याभरात करंगळी दुखायला लागते. आवाज बऱ्याच अंशी नंतरही बदलता येतो: कीकॅप, टेबलावरची मॅट, कीबोर्डच्या आतला फोम, ल्यूब (वंगण) यांनी तो खाली-वर होतो. स्प्रिंगही थोड्या खटपटीने बदलते. बंप मात्र स्टेमच्या, म्हणजे स्विचमधल्या वर-खाली सरकणाऱ्या दांड्याच्या, पायांच्या आकारातच घडवलेला असतो, तो नंतर मनासारखा करता येत नाही. म्हणून आधी बंपचा आकार, मग वजन, आणि सगळ्यांत शेवटी आवाज.

खालच्या पायऱ्या रोज दोन-चार तास मराठी किंवा इंग्रजी टंकलेखन करणाऱ्यांसाठी आहेत. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. प्रत्येक पायरीवर काही पर्याय गळतात आणि पुढचे काम सोपे होते.

## पायरी १: आपला कीबोर्ड काय स्वीकारतो ते तपासा

स्विच बदलता येणारा, म्हणजे हॉट-स्वॅप कीबोर्ड असेल तरच ही चाचणी घरच्या घरी होते. खोक्यावर ‘मेकॅनिकल’ लिहिलेले असले तरी स्विच सोल्डर केलेले असू शकतात. एक कीकॅप काढा आणि स्विच पुलरचे दोन दात स्विचच्या वरच्या व खालच्या कडेच्या क्लिपवर बसवा. क्लिप दाबून सरळ वर ओढा. मध्यम जोराने स्विच हलत नसेल तर तिथेच थांबा. तो सोल्डर केलेला असण्याची शक्यता आहे आणि जोर लावला तर पीसीबीवरचा (स्विच बसतात त्या सर्किटच्या पाटीवरचा) तांब्याचा थर उखडेल.

स्विच निघाला, तर चार गोष्टी बघा.

पहिली, भोके. धातूच्या दोन पिनांची भोके आणि मधले मोठे भोक सगळीकडेच असते. त्या मोठ्या भोकाच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन छोटी भोके असतील तर पीसीबी ५-पिन आहे, नसतील तर ३-पिन. ५-पिन स्विच ३-पिन पीसीबीवर बसवायचा असेल तर त्याचे प्लास्टिकचे दोन बारीक पाय फ्लश कटरने किंवा चांगल्या नेलकटरने तळाशी सपाट कापावे लागतात. धातूच्या पिनांना हात लावायचा नाही.

दुसरी, सॉकेट. काही स्वस्त कीबोर्डमध्ये फक्त आउटेमू कंपनीच्या बारीक पिनांचेच सॉकेट असते. चेरी, गॅटेरॉन, काइल्ह यांच्या रुंद पिना त्यात जात नाहीत आणि जबरदस्ती केली तर सॉकेट फाटते. कीबोर्डच्या माहितीत ‘फक्त आउटेमू’ असा उल्लेख आहे का ते वाचा.

तिसरी, स्विचची जात. लो-प्रोफाइल, ऑप्टिकल आणि मॅग्नेटिक कीबोर्डमध्ये हे स्विच चालत नाहीत.

चौथी गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत: एलईडीची दिशा. स्विचच्या जागेत एलईडी वरच्या बाजूला, म्हणजे स्क्रीनकडे असेल, तर तो उत्तरमुखी कीबोर्ड. अशा कीबोर्डवर चेरी प्रोफाइलच्या (बुटक्या आकाराच्या) कीकॅप लावल्या की मधल्या ओळीत कीकॅपची आतली कड स्विचच्या हाउसिंगवर (बाहेरच्या प्लास्टिकच्या खोक्यावर) आपटू शकते. मग त्या ओळीचा आवाज भद्द येतो, की पूर्ण खाली गेल्यासारखी वाटत नाही आणि दोष मात्र स्विचला दिला जातो. ओईएम प्रोफाइलच्या कीकॅपना हा त्रास सहसा होत नाही. लाँग-पोल (लांब दांड्याचे) स्विचही यातून सुटतात, कारण त्यांचा स्टेम कीकॅप टेकण्याआधीच तळाला लागतो.

इशारा: वॉरंटीत असलेल्या कीबोर्डचे कवच उघडण्यापूर्वी अटी वाचा. नुसता स्विच काढायला कवच उघडावे लागत नाही.

## पायरी २: ग्रॅमचे आकडे नीट वाचा

एका टॅक्टाइल स्विचला वजनाचे तीन वेगळे आकडे असतात आणि दुकाने त्यांतला एकच छापतात. तीन आकडे असे: बंपच्या शिखरावर लागणारा जोर, सिग्नल जातो त्या क्षणीचा जोर, आणि की तळाला टेकताना लागणारा जोर.

चेरी एमएक्स ब्राउनचेच घ्या. कुठे ४५ लिहिलेले दिसते, कुठे ५५. ४५ हा सिग्नल जाण्याच्या क्षणीचा जोर आहे, ५५ हा बंपच्या शिखरावरचा. उलट बोबा यू४टी ६२ आणि ६८ ग्रॅममध्ये मिळतो किंवा झीलिओ व्ही२ ६२, ६५, ६७ आणि ७८ ग्रॅममध्ये येतो, तेव्हा तो आकडा तळाशी लागणाऱ्या जोराचा असतो. म्हणून ‘ब्राउन ५५चा आहे, तर ६२चा थोडासाच जड असेल’ हा हिशोब चुकतो. यू४टीचा बंप ब्राउनच्या बंपपेक्षा कितीतरी मोठा आहे आणि बोटाला थकवण्यात त्याचा वाटा स्प्रिंगएवढाच आहे. सेंटिन्यूटन आणि ग्रॅम यांची मात्र काळजी नको. १ ग्रॅम-बल म्हणजे सुमारे ०.९८ सेंटिन्यूटन, निवडीपुरते दोन्ही सारखेच.

आकड्यांपेक्षा फोर्स कर्व्हचा आलेख जास्त सांगतो. आडव्या रेषेवर की किती मिलिमीटर खाली गेली ते असते, उभ्या रेषेवर जोर. त्यात तीन गोष्टी शोधा.

१. शिखर कुठे आहे? अगदी सुरुवातीलाच असेल तर बोट ठेवताक्षणी अडथळा लागतो. थोडे अंतर गेल्यावर असेल तर आधी मोकळी चाल आणि मग अडथळा.
२. शिखरानंतरची दरी किती खोल आहे? दरी खोल असेल तर बोट बंप ओलांडून धप्पकन तळाला जाते. असा स्विच जोरात आपटतो आणि आवाजही मोठा करतो.
३. रेषा कुठे संपते? ४ मिलिमीटरच्या आसपास संपली तर नेहमीची चाल. ३.२ ते ३.४ला संपली तर बहुधा लाँग-पोल.

शिखराचा आकार गतिरोधकासारखा समजा: काही रुंद आणि गोल, गाडी सावकाश चढते-उतरते, काही अरुंद आणि टोकदार, एक धक्का बसतो आणि संपते. ब्राउनसारख्या स्विचमध्ये हा धक्का इतका छोटा आणि चालीच्या इतक्या मधोमध आहे की वेगात टाइप करताना पुष्कळांना तो जाणवतच नाही. ‘टॅक्टाइल घेतला पण फरक कळत नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच येते.

## पायरी ३: तीन नमुने निवडा, जास्त नको

नाशकात एम. जी. रोड किंवा कॉलेज रोडच्या दुकानात डिस्प्लेवर हाताळायला मिळतात ते बहुधा तयार गेमिंग कीबोर्ड. त्यांत लाल, निळे आणि फार तर ब्राउन. तिथे बोट फिरवून या एवढ्यासाठीच, की लाल म्हणजे बंप नसलेला लिनिअर, निळा म्हणजे आवाज करणारा क्लिकी आणि ब्राउन म्हणजे हलका टॅक्टाइल, हा फरक हाताला कळावा. ज्यांचा हात टीव्हीएस गोल्डवर बसला आहे त्यांनी एक गोष्ट आधीच पक्की करावी: त्यातली ‘टिक’ क्लिकी स्विचची आहे. टॅक्टाइल स्विचमध्ये ती वेगळी टिक नसते. ती टिकच हवी असेल तर टॅक्टाइल घेऊन समाधान होणार नाही.

प्रत्यक्ष नमुने ऑनलाइनच मागवावे लागतात. सुटे स्विच बऱ्याच ठिकाणी १० च्या पटीत मिळतात. एका स्विचचे १० नग पुरतात: आठ बोटांखालच्या आठ की आणि दोन राखीव. दोघा-तिघांनी मिळून मागवले तर आणखी बरे.

तिन्ही नमुने एकमेकांपासून लांबचे निवडा. एकाच जातीचे तीन घेतले तर चाचणीतून काहीच कळत नाही.

एक हलका: अक्को लॅव्हेंडर पर्पल किंवा गॅटेरॉन ब्राउन. कमी जोर, छोटा बंप. दिवसभर लिहिणाऱ्यांनी हा नमुना गाळू नये, वाचताना तो कितीही फिका वाटला तरी.

एक ठळक: बोबा यू४टी, ड्युरॉक टी१ किंवा होली पांडाच्या जातीतला एखादा. मूळ होली पांडा हे दोन स्विचचे मिश्रण होते: हेलो स्विचचा स्टेम आणि इन्व्हिर पांडाचे हाउसिंग. त्यातून आलेला मोठा, गोल बंप हीच पुढे त्या सगळ्या घराण्याची ओळख झाली.

एक मूक: बोबा यू४ किंवा ड्युरॉक श्रिम्प. यांच्या स्टेमवर मऊ रबरी गाद्या असतात, त्या खाली टेकण्याचा आणि वर परतण्याचा असे दोन्ही आवाज खातात. यू४ आणि यू४टी यांच्या नावात एकाच अक्षराचा फरक आहे आणि ऑर्डर देताना नेमका तोच चुकतो. टी नसलेला मूक, टी असलेला दणदणीत.

बंप अगदी वर आणि सिग्नल लवकर हवा असेल तर काइल्ह स्पीड कॉपर चौथा म्हणून चालेल. त्याचा सिग्नल १.१ मिलिमीटरवर जातो. पण नुसते बोट टेकून बसण्याची सवय असेल तर त्यावर नको असलेली अक्षरे उमटतात.

## पायरी ४: नमुने बसवा

यूएसबी वायर काढा, वायरलेस असेल तर बंद करा. लागणाऱ्या वस्तू थोड्याच: कीकॅप पुलर, स्विच पुलर, बारीक टोकाचा चिमटा आणि उजेड.

नमुने ए एस डी एफ आणि जे के एल ; या आठ कींवर बसवायचे, आठही एकाच जातीचे. डाव्या हाताला एक जात आणि उजव्या हाताला दुसरी असे करू नका. दोन हातांची ताकद आणि सवय वेगळी असते, त्यामुळे तुलना बिघडते.

प्रत्येक स्विच बसवण्याआधी डोळ्यांसमोर धरून दोन्ही पिना सरळ आहेत का बघा. कुरिअरमध्ये पिना वाकणे अगदी नेहमीचे आहे. वाकलेली पिन चिमट्याने एकदाच, सावकाश सरळ करा. तीच पिन चार वेळा वाकवली तर तुटते. मग स्विच भोकांवर सरळ ठेवा आणि दोन अंगठ्यांनी सारखा दाब देऊन उभा खाली ढकला. प्लेटमध्ये (पीसीबीच्या वरच्या, स्विच धरणाऱ्या पाटीत) अडकल्याचा खट् आवाज दोन्ही बाजूंनी आला पाहिजे. तिरका ढकलला तर पिन सॉकेटच्या बाहेर दुमडते. कवच उघडून काम करत असाल तर पीसीबीच्या मागून सॉकेटला बोटाचा आधार द्या, कारण सॉकेट फक्त दोन सोल्डर बिंदूंवर टिकलेले असते.

तपासणी: कीबोर्ड जोडा आणि नोटपॅड उघडून आठही की एकेकदा दाबा. एखादे अक्षर उमटत नसेल तर स्विच काढा. दहांत नऊ वेळा पिन दुमडलेली सापडेल.

कीकॅप रोजच्याच लावा. उघड्या स्टेमवर बोट ठेवून किंवा अॅक्रिलिकच्या छोट्या टेस्टरवर घेतलेला अंदाज बंपच्या जागेपुरता ठीक आहे. वजन आणि आवाज यांच्या बाबतीत तो फसवतो.

## पायरी ५: बोटाची चाचणी

हीच सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, आणि घाई नेमकी इथेच होते. पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक ठळक स्विच आवडतो. की सावकाश दाबली की बंप मोठा वाटतो. वेगात टाइप करताना तोच बंप अर्ध्यावर येतो. म्हणून एक की टकटक दाबून निर्णय घेऊ नका.

क) सावकाश दाब. प्रत्येक की मधोमध दाबा, मग कीकॅपच्या चारही कोपऱ्यांवर. कोपऱ्यावर दाबताना खरखर लागते का, की अडकते का, ते बघा. आठांपैकी एकाच स्विचमध्ये खरखर असेल तर तो नग खराब. आठांतही असेल तर जातच तशी.

ख) खरा मजकूर, १५ मिनिटे. रोज जे लिहिता तेच लिहा. मराठी इनस्क्रिप्टवर टाइप करणाऱ्यांनी इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तर ती निरुपयोगी ठरते. इनस्क्रिप्टमध्ये च, ट, ज, ड, य ही पाचही अक्षरे उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. ख, घ, छ, झ, ठ, थ, ध, फ, भ, ण, ळ, श या सगळ्यांना शिफ्ट लागते आणि ती बहुतेक अक्षरे उजव्या हाताची असल्याने शिफ्ट डाव्या करंगळीवर येते. जोडाक्षरात प्रत्येक वेळी डी या कीवरचा हलंत. म्हणजे मराठीत करंगळ्यांना इंग्रजीपेक्षा खूप जास्त काम पडते, आणि जड टॅक्टाइल सगळ्यांत आधी करंगळीलाच बोचतो.

चाचणीसाठी हे वाक्य सलग दहा वेळा लिहा: ‘खिडकीजवळ ठेवलेली छत्री थोडी झटक आणि धुऊन वाळत घाल.’ यात शिफ्ट आणि उजवी करंगळी दोन्ही कामाला लागतात. या फेरीसाठी दोन राखीव स्विचपैकी एक डाव्या शिफ्टमध्ये आणि एक ट च्या कीखाली बसवा. फोनेटिक पद्धतीने लिहिणाऱ्यांनी नेहमीचा ई-मेल किंवा लेख घ्यावा.

ग) काय नोंदवायचे. कागदावर तीनच गोष्टी: किती अक्षरे गळाली, किती दोनदा उमटली आणि १५ मिनिटांनंतर कुठले बोट जाणवते आहे. अक्षरे गळत असतील तर बंप तुमच्या हाताला मोठा आहे. बोट बंपपाशीच थांबते आणि सिग्नल जात नाही, करंगळीवर हे हमखास दिसते. अक्षरे दोनदा उमटत असतील तर आधी पिन आणि सॉकेट तपासा. तिथे दोष नसेल तर स्विच फार हलका असून बोट टेकतानाच की दबते आहे.

घ) दुसरा दिवस. पहिल्या जातीवर निदान एक दिवस खरे काम केल्याशिवाय दुसरी जात बसवू नका. जड स्विचचा थकवा दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. शिवाय एकापाठोपाठ बदलले तर आधीच्या स्विचची छाया पुढच्यावर पडते: जडानंतर हलका पोकळ वाटतो, हलक्यानंतर जड दगडासारखा.

जमत असेल तर स्विच घरातल्या दुसऱ्या कुणाला बसवायला सांगा आणि नाव विचारू नका. किंमत आणि नाव ठाऊक असले की बोट पक्षपात करते.

इशारा: टाइप करताना मनगटात किंवा करंगळीत मुंग्या येत असतील तर ती जात तिथेच बाद करा. ‘सवय होईल’ म्हणून पुढे रेटू नका.

वजनाचा निर्णय इथेच घ्यायचा. एकाच जातीची दोन वजने असतील आणि मन अडत असेल तर हलके घ्या. बंप दोन्हींत तोच असतो. हलक्या स्प्रिंगमध्ये तो जास्त उठून दिसतो आणि दिवसअखेर बोटे ताजी राहतात. जोराने आपटून टाइप करणाऱ्यांनाच जड स्प्रिंगचा फायदा होतो, कारण ती तळाला जाण्याआधी बोट थोडे सावरते.

## पायरी ६: कानाची चाचणी

बोटाच्या चाचणीतून उरलेल्या एक-दोन जातींचाच आवाज ऐका. नापास झालेला स्विच आवाजासाठी परत आणू नका.

आधी खोली. पंखा बंद, खिडकी बंद. पावसाळ्यात पत्र्यावर सर पडत असेल तर त्या दिवशी राहू द्या. कीबोर्ड नेहमीच्याच टेबलावर ठेवा. लोखंडी टेबल आवाज वाढवते आणि त्याला किणकिण जोडते; सनमायका लावलेले प्लायवूड त्यामानाने शांत असते. खाली ३-४ मिलिमीटरची मॅट घालून एकदा आणि मॅटशिवाय एकदा ऐका. हा फरक पुष्कळदा दोन स्विचमधल्या फरकापेक्षा मोठा निघतो.

आता आवाजाचे तुकडे सुटे करून ऐका.

१. खाली टेकण्याचा: की झटकन दाबा आणि दाबूनच ठेवा. ऐकू आला तो फक्त तळाचा आवाज. नायलॉनच्या हाउसिंगमध्ये तो सहसा खोल आणि बसका येतो, पॉलिकार्बोनेटमध्ये उंच आणि कडक. लाँग-पोल स्टेम असेल तर टणक ‘टक्’.
२. वर परतण्याचा: की सावकाश खाली नेऊन धरा आणि बोट एकदम बाजूला घ्या. स्टेम वरच्या हाउसिंगवर आदळतो तो हा आवाज. टॅक्टाइलमध्ये तो मोठा असतो आणि याकडेच सगळ्यांचे दुर्लक्ष होते.
३. नको असलेला: कान कीपासून वीतभर अंतरावर आणा आणि की अर्धवट दाबून सोडा. किणकिण आली तर स्प्रिंगची, बारीक टिक आली तर आतल्या लीफची (धातूच्या पातळ पट्टीची). पहिली ल्यूबने जाते. दुसरी बहुधा राहते.

या तिन्ही चाचण्या मधल्या ओळीवरच करा. स्पेस, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस यांखाली लांब की तिरकी न होऊ देणारे स्टॅबिलायझर असतात आणि त्यांच्या तारेचा खडखडाट स्विचचा नसतो. मधली ओळ ऐकायला छान आणि स्पेसबार मात्र डबा वाजल्यासारखा, असे असेल तर स्विच बदलू नका. स्टॅबिलायझरच्या तारेच्या टोकांना जाड ग्रीस लावा.

रेकॉर्डिंग करायचेच असेल तर फोन वेगळ्या स्टुलावर, कीबोर्डपासून ३० सेंटिमीटरवर ठेवा. त्याच टेबलावर ठेवला तर टेबलाची थरथर रेकॉर्ड होते. सगळे नमुने त्याच जागेवरून, त्याच कीकॅपसह घ्या. फोन आवाजाची पातळी आपोआप खाली-वर करतो, त्यामुळे ‘कोण मोठा’ हे रेकॉर्डिंगवरून ठरवू नका. ‘कोण बसका, कोण कडक’ एवढेच ठरवा. इंटरनेटवरचे व्हिडिओही याच मर्यादेत ऐका. त्यातली प्लेट, कीकॅप आणि कवच तुमचे नाही.

घरात दुसरे कुणी झोपत असेल तर आणखी एक चाचणी हवी. रात्री रस्ता शांत झाल्यावर, दार लावून, नेहमीच्या वेगाने पाच मिनिटे टाइप करा आणि पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विचारा. सिडकोतल्या घरांसारखी भिंतीला भिंत असेल तर टेबल भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. टेबल भिंतीला टेकलेले असले की थरथर थेट पलीकडे जाते आणि मूक स्विचही ‘ठप् ठप्’ ऐकू येतो.

मूक स्विचबद्दल एक स्पष्ट मत: ते फक्त गरजेपोटी घ्यावेत. रबरी गादीमुळे तळ मऊ लागतो आणि काहींना तो ओल्या मातीत बोट रुतल्यासारखा वाटतो. पण रात्रीचे काम असेल, कॉलवर बोलता बोलता टाइप करावे लागत असेल किंवा ऑफिसात शेजारी खेटून बसत असेल, तर मात्र त्यांच्यासारखा उपाय नाही. यू४चा बंप मूक असूनही ठळक राहतो, म्हणूनच मूक नमुन्यांत तो पहिला सुचवला आहे.

## पायरी ७: ल्यूब आणि स्प्रिंग, गरज असेल तरच

पुष्कळ स्विच कारखान्यातूनच ल्यूब लावून येतात. खरखर किंवा किणकिण नसेल तर ही पायरी सोडून द्या. टॅक्टाइलला ल्यूब लावताना लिनिअरची पद्धत वापरली की बंप मरतो.

लागेल ते: स्विच ओपनर, ० किंवा ०० नंबरचा ब्रश, पातळसर ग्रीस. ट्रायबोसिस ३२०३ किंवा ३२०४ टॅक्टाइलला मानवते. क्रायटॉक्स २०५जी० जाड आहे. वापरायचेच तर ब्रश जवळजवळ कोरडा करून. स्प्रिंगसाठी क्रायटॉक्स १०५ हे तेल.

क्रम असा ठेवा. खालच्या हाउसिंगमध्ये स्टेम सरकतो त्या दोन्ही रुळांवर अगदी पातळ हात. मग स्टेमच्या ज्या बाजू रुळांवर घासतात त्यांवर तसाच हात. स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना तेल. शेवटी बंद करा. पृष्ठभाग पांढरा दिसत असेल तर ग्रीस जास्त झाले. कोरड्या ब्रशने काढून घ्या.

इशारा: स्टेमच्या पुढच्या दोन पायांना आणि ते ज्या तांब्याच्या लीफवर घासतात त्या लीफला ग्रीस लावू नका. बंप तिथेच तयार होतो. लीफला बोट किंवा चिमटाही लागू देऊ नका. ती जराशी वाकली तरी की काम करेनाशी होते.

आधी फक्त दोन स्विचला लावा, आठातल्या बाकीच्यांशी ताडून बघा, मगच पुढे जा. ल्यूबने बंप थोडा गोलसर होतोच. ब्राउनसारख्या हलक्या स्विचमध्ये तो जवळपास नाहीसा होतो, तिथे फक्त स्प्रिंगला तेल लावून थांबा.

स्प्रिंग हलकी करायची असेल तर मर्यादा लक्षात ठेवा. चेरी क्लिअरमध्ये हलकी स्प्रिंग घालून केलेला ‘एर्गो क्लिअर’ प्रसिद्ध आहे, पण स्प्रिंग फार हलकी झाली तर ती स्टेमला बंपच्या वर परत ढकलू शकत नाही आणि की अर्ध्यावर अडकते. ठळक बंपाच्या स्विचमध्ये हा धोका जास्त.

तपासणी: स्प्रिंग बदललेला स्विच पूर्ण खाली दाबा आणि बोट अगदी सावकाश वर घ्या. स्टेम बोटाला चिकटून वर आला पाहिजे. वाटेत रेंगाळला तर मूळ स्प्रिंग परत घाला.

## पायरी ८: मोजा आणि मागवा

कीबोर्डच्या की प्रत्यक्ष मोजा, अंदाज नको. ६० टक्के आकारात सहसा ६१, टीकेएलमध्ये (नंबर पॅड नसलेल्या) ८७, पूर्ण आकारात १०४ की असतात. ६५ आणि ७५ टक्क्यांच्या कीबोर्डमध्ये मॉडेलप्रमाणे फरक पडतो. त्यात पाच राखीव धरा. नमुन्याचे १० हाताशी आहेतच, ते वजा करा, पण त्यांना ल्यूब लावले असेल तर नव्यांनाही लावावे लागेल.

सगळे स्विच एकाच जातीचे हवेत असे नाही. करंगळीच्या कींना त्याच जातीचे हलके वजन आणि बाकी ठिकाणी जड, हा मेळ इनस्क्रिप्टवाल्यांना फार उपयोगी पडतो. स्पेसबारसाठी उलटे: अंगठा जड असतो, तिथे जड स्प्रिंग चालते.

ऑर्डर देण्यापूर्वी नाव, वजन, ३-पिन की ५-पिन, कारखान्यात ल्यूब आहे की नाही, या चार गोष्टी नमुन्याच्या पाकिटाशी ताडून बघा. माल आल्यावर बसवण्याआधी सगळ्या पिना तपासा, वाकलेले आणि खरखर करणारे बाजूला काढा. चांगले नग अक्षरांच्या कींना द्या. राहिलेले एफ-ओळीला आणि स्क्रोल लॉकसारख्या क्वचित लागणाऱ्या कींना. एक ओळ बसवून झाली की ती नोटपॅडवर दाबून बघा आणि मगच पुढची ओळ घ्या.